९० × ४५ × ४५ सें.मी. ची काचेची टाकी घरी बांधताना काच आणि सिलिकॉन कोणते निवडावे?

शांतपाणी (प्रश्न)

नमस्कार. गोड्या पाण्यातील मासे आणि पाणवनस्पती यांच्यासाठी काचेची टाकी घरीच बांधायचे मी ठरवले आहे. बाहेरच्या मापाने लांबी ९० सें.मी., रुंदी ४५ सें.मी. आणि उंची ४५ सें.मी. ठेवण्याचा विचार आहे. वरच्या काठावर लोखंडी किंवा प्लास्टिकची चौकट नसावी आणि काच शक्य तितकी मोकळी दिसावी, अशी इच्छा आहे.

साहित्याच्या बाबतीत मात्र मला मिळालेले सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी ६ मि.मी. जाडीची काच पुरेल असे सांगते, तर कोणी १२ मि.मी. पेक्षा कमी जाडीचा विचारही करू नये असे बजावते. टफन काच (भट्टीत तापवून मजबूत केलेली काच) साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते हे खरे असेल, तर कमी जाडीची टफन काच घेऊन टाकी हलकी का करू नये, हाही प्रश्न मनात आहे. घरात एका जुन्या मेजावरची जाड काच पडून आहे. ती तळासाठी चालेल का?

काचा एकमेकींना चिकटवण्याच्या सिलिकॉनबद्दल तर गोंधळ अधिकच आहे. काही नळ्यांवर स्नानगृहासाठी असे लिहिलेले असते, काहींवर न्यूट्रल, काहींवर नुसतेच सर्वोपयोगी. यांपैकी माशांना अपायकारक कोणते, टिकाऊ कोणते आणि काळे घ्यावे की पारदर्शक, हे कृपया कारणांसह सांगावे. केवळ जाडीचा आकडा मिळाला तर माप थोडे बदलल्यावर मी पुन्हा तिथेच अडकेन.

काचपारखी

आपण कारणे विचारली आहेत, म्हणून सुरुवात पाण्याच्या दाबापासून करतो. काचेवर पडणारा दाब टाकीत एकूण पाणी किती आहे यावर ठरत नाही. तो पाण्याच्या उंचीवर ठरतो. ४५ सें.मी. पाण्याखाली तळाजवळच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर ४५ ग्रॅम भार असतो आणि वर पृष्ठभागापाशी तो शून्य होतो. आपल्या मापाची टाकी काठोकाठ भरली, तर समोरच्या एकट्या काचेला पाणी सुमारे ९१ किलो भाराने बाहेर ढकलत असते. तीच लांबी ठेवून उंची ६० सें.मी. केली, तर हा भार १६० किलोच्या पुढे जातो, कारण तो उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबीचाही परिणाम होतो, कारण लांब काच मध्यभागी अधिक वाकते. तरीही माप बदलताना उंचीत केलेली प्रत्येक वाढ सर्वांत महाग पडते, हे लक्षात ठेवावे.

आता जाडीकडे वळू. हौशी टाकीकार सर्वसाधारणपणे साध्या काचेची ताण सोसण्याची क्षमता १९ मेगापास्कलच्या (ताण मोजण्याचे एकक) आसपास धरतात आणि प्रत्यक्ष ताण तिच्या सुमारे चौथ्या भागाइतकाच राहील अशी जाडी निवडतात. क्षमता प्रत्यक्ष ताणाच्या किती पट आहे, यालाच सुरक्षिततेचा गुणक म्हणतात आणि तो बहुधा ३.८ धरला जातो. या हिशेबाने वरचा काठ मोकळा असलेल्या आपल्या टाकीला ७.६ मि.मी. जाडी लागते, म्हणजेच बाजारात मिळणाऱ्या मापांपैकी ८ मि.मी. ६ मि.मी. ची काच घेतली तर गुणक अडीचच्याही खाली येतो. अशी टाकी पहिल्या दिवशी फुटेलच असे नाही, परंतु काचेचा एक स्वभाव विसरून चालत नाही: सतत ताणाखाली असलेल्या काचेतील सूक्ष्म चरे ओलाव्यामुळे हळूहळू वाढत जातात. एका तासाच्या चाचणीत टिकलेली काच वर्षानुवर्षे टिकेल, असे म्हणूनच मानता येत नाही. १२ मि.मी. चा सल्ला ६० सें.मी. उंचीसाठी योग्य आहे. आपल्या मापाला तो केवळ वजन वाढवील.

माझी शिफारस अशी आहे की चारही बाजूंना ८ मि.मी. आणि तळाला १० मि.मी. साधी फ्लोट काच (टफन न केलेली नेहमीची सपाट काच) घ्यावी आणि समोरच्या व मागच्या काचेच्या वरच्या काठाला आतून ५ ते ६ सें.मी. रुंदीच्या ८ मि.मी. काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवाव्यात. या पट्ट्या काचेच्याच असल्यामुळे नजरेला फारशा खुपत नाहीत, काठाचे बाहेर वाकणे बरेच कमी करतात आणि वरचे झाकण त्यांच्यावर टेकवता येते.

टफन काचेची ताकद साध्या काचेच्या चार ते पाचपट असते, हे खरे आहे. मात्र तिची ताकद वाढते तसा तिचा ताठपणा वाढत नाही. ६ मि.मी. टफन काच ६ मि.मी. साध्या काचेइतकीच वाकते. ती स्वतः फुटणार नाही, पण तिच्या वाकण्याचा सारा ताण कोपऱ्यांतील सिलिकॉनवर येईल. दुसरे असे की टफन काच भट्टीतून आल्यावर कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. माप दोन मिलिमीटरने चुकले तर ती काच वाया गेली. आणि फुटते तेव्हा ती एकाच क्षणी बारीक तुकड्यांत कोसळते. साध्या काचेला तडा गेला तर बहुतेक वेळा पाणी झिरपू लागते आणि टाकी रिकामी करायला काही अवधी मिळतो. घरातल्या टाकीसाठी हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

मेजावरच्या काचेचा उपयोग टाळावा. एक तर मेजावर बसवलेली काच अनेकदा टफन असते. कोपऱ्यातील बारीक शिक्का पाहावा. शिक्का नसेल तर ध्रुवीकरण करणाऱ्या गॉगलमधून, मोकळ्या आकाशाच्या उजेडात, काच तिरकी धरून पाहावी. टफन काचेत बहुधा गडद डागांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसते. ती साधी असल्याची खात्री पटली तरी वर्षानुवर्षांच्या वापराने तिच्या पृष्ठभागावर ओरखडे पडलेले असतात आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे तडा सुरू होण्याची तयार जागा. तीच काच झाकणासाठी वापरली तर माझी हरकत नाही.

शेवटी कडांविषयी. काच कशी कापली आहे याकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, पण काच बहुधा कडेपासूनच तडकते. प्रत्येक तुकड्याच्या चारही कडा घासून घ्याव्यात, कोठेही कपची उडालेली असेल तर तो तुकडा परत करावा आणि काटकोन गुण्याने तपासावा. दोन्ही कर्ण मोजून ते समान आले की तुकडा काटकोनात कापला गेला आहे, असे समजावे. जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. ८ मि.मी. म्हणून विकली जाणारी काच ७.७ मि.मी. भरली तरी ती नेहमीच्या मर्यादेत बसते. त्याहून कमी भरली तर घेऊ नये.

शेवाळरेघ

काचेबद्दल वर सविस्तर आलेच आहे, म्हणून मी सिलिकॉनपुरते लिहिते.

नळीवर काय लिहिले आहे यापेक्षा नळीच्या आत काय नाही, हे पाहणे महत्त्वाचे आहे. स्नानगृह आणि स्वयंपाकघर यांसाठी विकल्या जाणाऱ्या सिलिकॉनमध्ये बहुधा बुरशीनाशक मिसळलेले असते आणि ते पाण्यात उतरून मासे, गोगलगायी आणि कोळंबी यांना मारू शकते. त्यामुळे बुरशीरोधक असा उल्लेख असलेली कोणतीही नळी बाजूला ठेवावी. शुद्ध सिलिकॉन असलेली, इतर काही मिसळलेले नसलेली आणि उत्पादकाने मत्स्यालयासाठी योग्य असल्याचे स्पष्ट छापलेली नळी घ्यावी. सर्वोपयोगी या शब्दावरून काहीच कळत नाही; सोबतचे माहितीपत्रक मिळवून वाचावे आणि ते मिळत नसेल तर ती नळी घेऊ नये.

अ‍ॅसिटिक आणि न्यूट्रल हा भेद सिलिकॉन घट्ट होताना बाहेर काय पडते यावरून केला जातो. अ‍ॅसिटिक प्रकारातून अ‍ॅसिटिक आम्ल बाहेर पडते, म्हणून त्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. हा वास पूर्ण जाईपर्यंत टाकीत जीव सोडायचा नाही. नंतर हे आम्ल शिल्लक राहत नाही. काचेला हा प्रकार फार चांगला धरतो आणि काचेच्या टाकीसाठी बहुतेक जण तोच वापरतात. न्यूट्रल प्रकाराला उग्र वास नसतो आणि तो धातूला गंज चढवत नाही, पण त्यातील काही प्रकारांतून ऑक्झाइम नावाची संयुगे बाहेर पडतात. म्हणून न्यूट्रल घ्यायचेच असेल, तर तेही मत्स्यालयासाठी असल्याची खात्री करून घ्यावे. काच काचेलाच जोडायची असल्याने मी अ‍ॅसिटिक प्रकारच सुचवीन.

सिलिकॉनच्या ताकदीची चिंता प्रमाणापेक्षा जास्त केली जाते, असे माझे मत आहे. समोरच्या काचेवरचा सगळा ९१ किलो भार तळाच्या एकाच सांध्यावर आला असे धरून पाहा. तो सांधा ९० सें.मी. लांब आणि ८ मि.मी. रुंद असेल, तर त्यावर सुमारे ०.१२ मेगापास्कल ताण येतो. चांगले सिलिकॉन तुटायला १.५ मेगापास्कल किंवा त्याहून अधिक ताण लागतो. म्हणजे सांधे निकामी होतात ते सिलिकॉन कमजोर म्हणून नव्हे; ते काचेपासून सुटते म्हणून. सुटण्याची कारणेही ठरलेली आहेत: काचेवरचा बोटांचा तेलकटपणा, कापताना लावलेल्या तेलाचा अंश, सांध्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, किंवा काच इतकी दाबून बसवणे की मध्ये सिलिकॉन जवळजवळ उरतच नाही. सांध्यात किमान १ मि.मी. जाडीचा थर राहिलाच पाहिजे, कारण काच वाकते तेव्हा तो थर रबरासारखा ताणला जाऊन भार वाटून घेतो.

यामुळे कापायच्या मापांतही फरक पडतो. समोरची आणि मागची काच पूर्ण ९० सें.मी. ची ठेवून बाजूच्या काचा त्यांच्यामध्ये बसवायच्या असतील, तर बाजूच्या काचेची रुंदी ४५० मि.मी. येणार नाही. दोन ८ मि.मी. काचा आणि दोन १ मि.मी. थर वजा करून ती ४३२ मि.मी. येते. उंचीतूनही तळाच्या काचेची जाडी आणि एक थर वजा करायला विसरू नये.

साफसफाईसाठी अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड घ्यावे. साबण नको, कारण त्याचा थर मागे राहतो. पुसलेल्या कडेला पुन्हा बोट लागू देऊ नये. या द्रवांच्या वाफा पेट घेतात, तेव्हा खिडक्या उघड्या आणि आसपास ज्योत नसावी.

किती सिलिकॉन लागेल, हे आपण विचारलेले नाही, पण काम अर्ध्यावर थांबू नये म्हणून सांगते. तळाचे आणि उभे सांधे मिळून सुमारे साडेचार मीटर लांबी भरते. सांध्यातील थर आणि आतल्या कोपऱ्यात बोटाने ओढलेली गोलाई मिळून १८० मि.ली. च्या आसपास सिलिकॉन जाते, शिवाय वाया जाणारे वेगळे. तीनशे मि.ली. ची एक नळी कशीबशी पुरते, दोन आणाव्यात. दोन्हींवरची मुदत तपासावी, कारण मुदत उलटलेले सिलिकॉन कधीकधी चिकटच राहते आणि पूर्ण घट्ट होत नाही.

रंग आपल्या आवडीचा प्रश्न आहे. ताकदीत फरक नाही. पारदर्शक सिलिकॉनच्या मागे शेवाळ धरले तर ते दिसते आणि बुडबुडेही दिसतात. नवख्याला हे बुडबुडे दिसणे उपयोगाचेच आहे, म्हणून पहिल्या टाकीला पारदर्शक बरे. काळे सिलिकॉन वनस्पतींच्या प्रखर उजेडात अधिक नीटस दिसते, पण काचेवर सांडले तर त्याचे डाग काढणे जिकिरीचे होते.

मोकळाकाठ

काचपारखी यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, शिफारशीशी मात्र पूर्णपणे नाही. प्रश्नकर्त्यांना मोकळा काठ हवा आहे आणि आतल्या पट्ट्या कितीही पारदर्शक असल्या तरी त्यांच्यावर क्षार जमतात, झाडांची छाटणी करताना त्यांच्यावर हात आपटतो आणि उजेडात त्यांची सावली पडते. पट्ट्या नको असतील, तर चारही बाजूंना १० मि.मी. काच घ्यावी, असे मी म्हणेन. सुरक्षिततेचा गुणक त्यामुळे साडेसहाच्या आसपास जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काचेचे वाकणे जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे १० मि.मी. काच ८ मि.मी. च्या तुलनेत जवळजवळ निम्मीच वाकते. टाकीतील पाणी दर वेळी बदलताना सांधे थोडे सैलावतात आणि पुन्हा ताणले जातात; हे वाकणे जितके कमी, तितके सिलिकॉनचे आयुष्य जास्त.

वजनाचा विचार केला, तर सर्व काचा १० मि.मी. घेतल्यास टाकी ४० किलोच्या आसपास भरते, म्हणजे पट्ट्यांच्या टाकीपेक्षा चार-पाच किलोच जास्त. दोन माणसांना ती उचलता येते.

आणखी एक सूचना. कमी लोहाची काच मिळत असेल, तर ती फक्त समोरच्या बाजूला लावावी. साध्या काचेला लोहामुळे हिरवट छटा असते आणि १० मि.मी. जाडीत ती जाणवू लागते. ताकदीचा हिशेब दोन्ही काचांना सारखाच लागू होतो. मागची आणि तळाची काच कमी लोहाची घेण्यात अर्थ नाही, कारण तिथे नजर जातच नाही.

शांतपाणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १० मि.मी. साधी फ्लोट काच, समोर कमी लोहाची, पट्ट्या नाहीत आणि अ‍ॅसिटिक प्रकारचे पारदर्शक सिलिकॉन, असे मी ठरवले आहे. मेजावरची काच झाकणासाठी ठेवतो. पण ती टफन निघाली, तर दिव्याच्या तारेसाठी कोपरा कापता येणार नाही, हे आता समजले.

एक शंका उरते. टाकी ज्यावर ठेवायची ते कपाट मी लाकडाचे करणार आहे. त्यासाठी कोणते फळकट घ्यावे आणि काचेखाली काही मऊ अंथरावे का?

सुतारपक्षी

प्रथम एकूण भार पाहावा. आतील पाणी, ४० किलो काच, पाच सेंटीमीटर वाळूचा थर आणि दगड मिळून अडीचशे किलोपर्यंत भार होतो, आणि तो रात्रंदिवस तसाच राहतो. त्यामुळे लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळ्या किंवा एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) यांचा विचार सोडून द्यावा. त्यांच्या कडेला पाणी लागले की त्या फुगतात आणि फुगलेली जागा परत सपाट होत नाही. मत्स्यालयाच्या कपाटावर पाणी सांडणारच, असे धरून चालावे. पाण्यात टिकणाऱ्या डिंकाने बनवलेले १८ मि.मी. प्लायवूड घ्यावे आणि त्याच्या उघड्या कडा रंगाने किंवा वार्निशने बंद कराव्यात. भार स्क्रूवर लटकता कामा नये. वरची फळी उभ्या फळ्यांच्या डोक्यावर टेकलेली असावी आणि ९० सें.मी. लांबीच्या मध्यभागी एक उभा आधार द्यावा. मागची बाजू निदान अर्धी तरी प्लायवूडने बंद करावी, म्हणजे कपाट आडवे झुलत नाही.

काचेखाली मऊ थर आवश्यक आहे, कारण आपल्या टाकीला चौकट नाही आणि तळाची काच थेट फळीवर बसणार आहे. फळीवर राहिलेला वाळूचा एक खडासुद्धा त्या एकाच बिंदूवर ताण आणतो. ६ ते १० मि.मी. जाडीचा दाट फोम तळाच्या पूर्ण मापाचा, सलग, जोड न देता अंथरावा. हलक्या थर्माकोलपेक्षा दाट फोम बरा. मात्र हा थर बारीकसारीक उंचसखलपणाच सामावून घेतो. फळीलाच पीळ असेल, म्हणजे चारपैकी एक कोपरा वर किंवा खाली असेल, तर फोम ते दुरुस्त करत नाही आणि तो पीळ सरळ काचेत उतरतो. म्हणून पाणसळ लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून पाहावी आणि पाचर घालायची ती कपाटाच्या पायाखाली घालावी, टाकीखाली कधीही नाही. जिथे चौकटीची टाकी असते आणि तिचा तळ अधांतरी असतो, तिथे हा फोम घालायचा नसतो, एवढा भेद ध्यानात असू द्यावा.

सिलिकॉन हवेतील ओलाव्यामुळे बाहेरून आत घट्ट होत जाते आणि चोवीस तासांत साधारण २ ते ३ मि.मी. खोलीपर्यंतच पोहोचते. १० मि.मी. रुंदीच्या सांध्याला म्हणून किमान एक आठवडा द्यावा. हवा कोरडी किंवा थंड असेल तर त्याहून जास्त. पहिली चाचणी कपाटावर नको. पाणी सांडले तरी चालेल अशा सपाट जागी, फोमसह, आधी पाव टाकी भरावी आणि पुढचा प्रत्येक पाव भाग काही तासांच्या अंतराने वाढवावा. रिकाम्या आणि भरलेल्या टाकीच्या समोरच्या काचेवर सरळ पट्टी आडवी धरली, तर मध्यभागी किती फुगवटा आला हे कळते. पूर्ण भरल्यावर दोन दिवस तशीच ठेवावी आणि सांध्यांखाली कोरडा कागद अंथरून ओल येते का ते पाहावे.

ओल आढळलीच, तर त्या जागेवर वरून नवे सिलिकॉन लावण्याचा मोह टाळावा, कारण घट्ट झालेल्या सिलिकॉनला नवे नीट धरत नाही. टाकी रिकामी करून कोरडी करावी, आतल्या कोपऱ्यांतील सगळी गोलाई पात्याने खरवडून काढावी, काच अ‍ॅसिटोनने पुसावी आणि ती गोलाई सर्व कोपऱ्यांत एकाच बैठकीत नव्याने ओढावी. काचांच्या मधला सांधाच सुटलेला दिसला, तर तेवढ्याने भागणार नाही. ती काच पूर्ण उतरवून परत बसवावी लागेल.